काळी-पांढरी वायर

स्मरणिकेसाठी आठवणी पाठवाव्यात, असे आपल्या वसतिशाळेचे पत्र आले तेव्हा आमच्या तुकडीतील आम्ही चौघे एकत्र बसलो. पहाटेची वंदना, पंगतीतील भाकरी-वरण, रविवारचे श्रमदान, भीमजयंतीची मिरवणूक यांविषयी इतर मंडळी आमच्याहून चांगले लिहितील, याची खात्री होती. आमच्यापाशी मात्र एक अशी गोष्ट होती, की जी याच आवारात घडली आणि जी आम्ही वीस वर्षे येथे कोणालाही सांगितली नाही. तीच लिहावी, असे ठरले.

आम्ही नववीत होतो. शाळेच्या एका हितचिंतकांनी अपघातात चेसिस वाकलेली आपली स्प्लेंडर कार्यशाळेला दिली होती. गाडी रस्त्यावर येण्यासारखी नव्हती, परंतु ९७.२ सीसीचे तिचे इंजिन शाबूत होते. २६ जानेवारीच्या विज्ञान प्रदर्शनात या इंजिनावर चालणारी छोटी चारचाकी, म्हणजे गो-कार्ट, उभी करावी, ही कल्पना आमच्यातील पाचव्याची. त्याचे वडील तालुक्याच्या गावी गॅरेज चालवीत. त्याला आम्ही सारे ‘मिस्त्री’ म्हणत असू. गुरुजींनी परवानगी दिली आणि कार्यशाळेची किल्ली त्याच्या हाती सोपविली. आमच्या वयाच्या मुलाला ती किल्ली मिळणे हा केवढा मान होता, हे त्या काळच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको.

एक इंची चौकोनी पाइपांचा सांगाडा झाला. जुन्या स्कूटरची चाके मिळाली. मागील तीस मिलिमीटरची शाफ्ट दोन पेडेस्टल बेअरिंगांत बसविली आणि तिच्यावर चेनचे स्प्रॉकेट चढविले. इंजिन सीटच्या मागे यावयाचे होते. तापलेले हेड आणि सायलेन्सर चालकाच्या पाठीपासून दूर राहावेत म्हणून आम्ही इंजिन उलट तोंडाने ठेवले आणि आपल्या हुशारीवर खूश झालो. मिस्त्रीने गिअर टाकून किकचा दांडा हाताने दाबला, शाफ्ट कोणत्या बाजूला फिरते ते पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “चार गिअर रिव्हर्सचे झाले, पुढं जायचा एकही नाही.” मोटारसायकलीत जसे असते त्याच तोंडाने आणि त्याच कलाने इंजिन बसवावे लागते; कल बदलला तर कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोलची पातळीही बिघडते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. चालकाच्या पाठीमागे मग पत्र्याचा आडोसा केला. टाकी कार्ब्युरेटरच्या वर राहील अशी घोडी केली. वेल्डिंग करण्यापूर्वी सीडीआयचा डबा आठवणीने काढून ठेवावयाचा, हा त्याचा नियम होता.

त्याच दिवसांत सायंकाळच्या प्रवचनात भन्तेजींनी नागसेन आणि मिलिंद राजा यांच्या संवादातील रथाचा दृष्टान्त सांगितला होता. दांडी म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजेही रथ नव्हे. मग रथ कोठे आहे? आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो, कारण आमचा रथ तेव्हा कार्यशाळेच्या फरशीवर सुटा पडलेला होता.

वायरिंगचे काम मिस्त्रीचे. या गाडीत हिरवी वायर अर्थची, म्हणजे बॉडीला जाणारी. ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. इंजिन फिरू लागले की आतील कॉइलच सीडीआयला वीज पुरविते. म्हणूनच चालू इंजिन बंद करण्यासाठी निराळी सोय करावी लागते. सीडीआयकडून येणारी काळी-पांढरी वायर स्विचमधून अर्थला भिडली की ठिणगी थांबते आणि इंजिन बंद पडते. मिस्त्रीने तो स्विच चालकाच्या उजव्या हाताशी बसविला आणि आम्हांला बजावले, “गाडी चालू कशी होते, हे नंतर. बंद कशी होते, ते आधी बघायचं.”

२५ जानेवारीच्या रात्री इंजिन सुरू होईना. प्लग बदलला, कॉइल तपासली, तरी ठिणगी नाही. साडेदहा वाजता मिस्त्रीने निदान केले, की काळी-पांढरी वायर कोठेतरी बॉडीला लागत असावी, बहुधा इंजिनाच्या क्लॅम्पखाली दबून तिचे आवरण फाटले असावे. क्लॅम्प उघडावयाचा तर चेन उतरवावी लागणार होती. त्याची पहाटे स्वयंपाकघरात पाळी होती. “पाळी उरकून सकाळी उघडू,” असे म्हणून तो झोपावयास गेला.

आम्ही चौघे मागे राहिलो. आमच्यातील एकाने पक्कड घेतली आणि ती वायर सीडीआयजवळच कापून टाकली. दुसऱ्याने टोकाला टेप गुंडाळली. तिसऱ्याने किक मारली. चौथा दाराशी उभा राहून कोणी येत नाही ना, हे पाहत होता. इंजिन पहिल्याच किकला सुरू झाले. ते बंद करण्यासाठी पेट्रोलचा कॉक फिरविला, तरी वाटीत उरलेल्या पेट्रोलवर ते बराच वेळ चालत राहिले. त्याच वेळी आम्हांला कळावयास हवे होते.

सकाळी मिस्त्रीने विचारले, “फॉल्ट सापडला?” आम्ही म्हणालो, “हो.” “कुठं होता?” “क्लॅम्पखाली.” हे उत्तर शब्दशः खोटे नव्हते, म्हणूनच ते अधिक वाईट होते. त्याने आमच्यावर विश्वास ठेवला.

ध्वजवंदनानंतर सातवीतील एका मुलाला सीटवर बसविण्यात आले. वजनाने हलका म्हणून मिस्त्रीनेच त्याला तयार केले होते. दोन फेऱ्या उत्तम झाल्या, टाळ्या पडल्या. तिसऱ्या फेरीत अ‍ॅक्सिलरेटरची केबल अडकली. मुलाने शिकविल्याप्रमाणे उजव्या हाताने स्विच दाबला. पुन्हा दाबला. इंजिन थांबले नाही. घाबरलेल्या त्या पोराला क्लच आणि ब्रेक सुचले नाहीत. गाडी कडुनिंबाच्या पारावर आदळली. त्याचे मनगट मोडले आणि हात प्लास्टरमध्ये गेला.

सायंकाळी अधीक्षक सरांनी आम्हां पाचही जणांना उभे केले. “वायरिंग कोणाकडे होते?” मिस्त्री एक पाऊल पुढे आला. “माझ्याकडे होतं, सर.” सरांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही चौघे जमिनीकडे पाहत होतो. दररोज पहाटे पंचशील म्हणणारे आम्ही, त्यातील चौथे शील त्या क्षणी पायदळी तुडवीत आहोत, हे आम्हांला पुरते ठाऊक होते. कार्यशाळेची किल्ली त्याच्याकडून काढून घेण्यात आली. गाडी मोडून टाकण्याचे कामही त्यालाच मिळाले.

दहावीनंतर तो वडिलांच्या गॅरेजमध्ये गेला. केवळ या प्रसंगामुळे त्याचे शिक्षण थांबले, असे म्हणणे खरे होणार नाही. घरची ओढाताण आम्हांला माहीत होती. परंतु त्या दिवसानंतर त्याने शाळेत एकाही यंत्राला हात लावला नाही, हे मात्र आम्ही पाहिले आहे. आमच्यापैकी दोघे पुढे अभियंते झाले, एक शिक्षक, एक सरकारी नोकरीत.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्याच्याकडे गेलो. आज त्याचे स्वतःचे गॅरेज आहे, हाताखाली तीन मुले शिकत आहेत. चहा झाला, आणि आमच्यातील ज्याने पक्कड हाती घेतली होती त्याने सारे सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “गाडी मीच मोडली ना. तेव्हाच बघितलं. टेप माझ्या डब्यातला होता.” इतकी वर्षे त्याला ठाऊक होते, आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्याने आम्हांला कळू दिले नव्हते. आम्ही क्षमा मागितली. त्यावर तो म्हणाला, “माझं सोडा. लिहिणार असाल तर त्या पोरासाठी लिहा. मधे भेटला होता. अजून म्हणतो, दादा, माझ्याकडून स्विच नीट दाबला गेला नाही.”

हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. आपण एकाचाच अपराध केला, असे आम्ही धरून चाललो होतो.

म्हणून सातवीतील त्या मुलास, जो आज मोठा गृहस्थ असेल आणि ही स्मरणिका ज्याच्या घरी पोहोचेल, आमचे हे सांगणे आहे. बाळा, तू स्विच बरोबर दाबला होतास. दोन्ही वेळा. त्या स्विचमागची वायर आम्ही आदल्या रात्री कापली होती. तुझी काहीही चूक नव्हती, आणि मिस्त्रीचीही नव्हती.

कार्यशाळा आजही चालू आहे, असे कळले. किल्ली ज्याच्या हाती असेल त्या विद्यार्थ्याने गाडी बंद कशी होते, हे आधी पाहावे. हा धडा मिस्त्रीचा आहे. तो त्याच्याच नावाने शिकविला जावा, एवढी विनंती आम्ही गुरुजनांना करतो.

जयभीम. नमो बुद्धाय.