टाकीतला दगड उकळू नका

तुमच्या घरी समुद्री टाकी आहे? देवनारच्या दवाखान्यात असे हौशी रुग्ण आले की मी विचारतो, टाकीतला दगड कधी उकळत्या पाण्याने धुतलात का? (बाटली उकळायची घरची सवय, दुसरं काय!) कठीण सांगाड्याची प्रवाळं तर पाळूच नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती संरक्षित आहेत. पण बटणासारख्या काही मऊ झोअँथिडमध्येही पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. उकळूनही ते सहज नष्ट होत नाही, उलट वाफेच्या तुषारांतून छातीत जातं. काही तासांत थंडीताप, धाप, अंगदुखी, तोंडात धातूची चव. पावसाळ्यात हे ‘व्हायरल’ वाटतं. यावर उतारा नाही, लक्षणांवरच उपचार होतात. म्हणून दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्रास झालाच, तर डॉक्टरांना टाकीबद्दल आपणहून सांगा.