उतरणंही मोजतात

गोपाळकाल्याच्या दिवशी आमचा दादा रस्त्याकडची खिडकी लावून घेतो. गेली तीस वर्षं. घरच्यांना कारण ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. तो सहाव्या थरावर चढला, हंडी फोडली, खाली एकच जल्लोष झाला आणि त्या जल्लोषातच खालचे थर सुटले. गुडघा कायमचा गेला. हंडी फुटली होती, त्यामुळे मंडळाला बक्षीस मात्र मिळालं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे वाल्स. कामानिमित्त काही महिने बार्सिलोनात होते. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "आमच्या गावच्या सणाला चल, माणसांचे मनोरे बघ." मी मनात म्हटलं, गिरगावच्या मुलीला मनोरे दाखवतेय!

वाल्स हे कातालोनियातलं पंचवीसेक हजार वस्तीचं गाव. या मनोऱ्यांना तिथे 'कास्तेल्स', म्हणजे किल्ले म्हणतात आणि वाल्स हे त्यांचं माहेर. ऑक्टोबरच्या अखेरीस सांता उर्सुलाचा सण असतो. जिथे मनोरे रचतात त्या चौकाचं नाव 'गव्हाचा चौक'. गावात दोन संघ, एक गुलाबी सदऱ्यांचा, दुसरा लाल. चुरस अशी, की मला आमच्या आळीतली दोन मंडळंच आठवली.

आधी तळाला शेकडो माणसं एकमेकांना बिलगून उभी राहतात. त्यात मैत्रिणीचे साठी उलटलेले बाबाही होते. या लोकांना वरचं काही दिसत नाही. मान खाली घालून फक्त दाब धरायचा. मनोरा कुठवर आला ते त्यांना कळतं ग्राल्या ऐकून. ग्राल्या म्हणजे आपल्या सनईची बहीणच. कमरेला लांबच लांब पट्टा गुंडाळलेला असतो, त्याने पाठीला आधार मिळतो आणि चढणाऱ्याला पाय ठेवायला पायरीही.

शेवटी हेल्मेट घातलेलं एक चिमुरडं पोर सरसर वर गेलं. टोकाला हंडी नाही, काहीच नाही. पोराने नुसता हात वर केला. सनईचा सूर बदलला, टाळ्या पडल्या, मीही ओरडून घेतलं. मैत्रीण मात्र अजून वरच बघत होती.

"झालं ना?" मी विचारलं.

"अर्धंच."

मग तिने समजावून सांगितलं. मनोरा रचला आणि कोसळला, तर त्याला कमी गुण. रचला आणि सगळे नीट खाली उतरले, तरच तो पुरा झाला. दोन्हींना वेगवेगळे शब्द आहेत. वर जाणं म्हणजे 'चढवलेला', सुखरूप उतरणं म्हणजे 'उतरवलेला'. पोर दुसऱ्या बाजूने उतरलं, मग एकेक थर उतरला, आणि तेव्हा कुठे तिच्या बाबांनी मान वर केली. डोळे पाण्याने भरले होते त्यांचे.

तिथे सगळं छानच असतं असं नाही. २००६ साली मातारो गावच्या संघातली बारा वर्षांची एक मुलगी मनोऱ्यावरून पडून गेली. पोरांच्या डोक्यावर आज हेल्मेट दिसतं ते त्या वर्षापासून. २०१० साली युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या वारशात जागा दिली, ती या जखमांसकट.

रात्री दादाला फोन केला. हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आम्ही उतरायची प्रॅक्टिस कधी केलीच नाही गं."

मी त्याला व्हिडिओ पाठवला. वहिनी सांगत होती, त्याने तो चार वेळा बघितला. दर वेळी शेवटचा माणूस खाली येईपर्यंत.