एका वाक्याची तपासणी

गेलीं अठ्ठावीस वर्षें मी एकच वाक्य तपासीत आलों आहें. हस्ताक्षरें बदलतात, शाईचे रंग बदलतात, वाक्य मात्र तेंच असतें: संपत्तीनें सुख मिळत नाहीं. प्रश्न शेक्सपिअरवर असो, डिकन्सवर असो, कीं एखाद्या रशियन कथेवर असो, विद्यार्थी उत्तराच्या पहिल्याच ओळींत हें वाक्य लिहून मोकळा होतो आणि त्याच्या शेजारीं थोडी जागा कोरी सोडतो. ती जागा बहुधा माझ्या तांबड्या खुणेसाठीं असावी. मीहि ती खूण इमानानें करीत आलों. हें वाक्य चूक आहे असें म्हणण्याचें धैर्य कोणाला व्हावें? तें आजीनें सांगितलेलें असतें, कीर्तनांत ऐकलेलें असतें, शाळेच्या भिंतीवर रंगविलेलें असतें. शिवाय प्राध्यापकमंडळींना तें विशेष प्रिय असतें. महिन्याच्या पहिल्या तारखेस तें आम्हांला थोडेंसें कमी पटतें, एवढेंच.

ह्या वर्षीं पदवीच्या शेवटच्या वर्गाला मीं दोन कथा वाचावयास दिल्या. एक टॉलस्टॉयची १८८६ ची, माणसाला जमीन लागते तरी किती असें शीर्षकांतच विचारणारी. दुसरी चेकॉव्हची १८९८ ची ‘गूजबेरी’. गूजबेरी म्हणजे एक लहान आंबट फळ. आमच्या रायआंवळ्याचें तें भावंड समजा, असें मीं मुलांना सांगितलें. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनीं मला क्षमा करावी. कथा वाचून प्रत्येकानें संपत्ति आणि सुख यांविषयीं एकच वाक्य लिहावयाचें होतें. पण तें असें, कीं त्यावर कोणाला तरी ‘हें मला मान्य नाहीं’ असें म्हणतां आलें पाहिजे. आपल्या नैयायिकांनीं अशा वाक्याला ‘प्रतिज्ञा’ म्हटलें आहे. ती आधीं मांडावयाची आणि मग हेतु व उदाहरण देऊन सिद्ध करावयाची. मुलांना प्रतिज्ञा म्हटली कीं भीष्म आठवतो, किंवा शाळेंत हात पुढें करून रोज म्हटलेली प्रतिज्ञा आठवते. त्यामुळें दुसऱ्याला मोडतां येईल अशी प्रतिज्ञा करावयाची, हें ऐकून त्यांना गंमत वाटली. कागदावर नांव घालावयाचें नव्हतें. कागद पत्त्यांसारखे पिसावयाचे, पुन्हां वांटावयाचे, आणि ज्याच्या हातीं जें वाक्य येईल त्यावर त्यानें समासांत टीका लिहून ती वर्गांत वाचावयाची, असा बेत ठरला.

मध्यें मीं एक आगळीक केली. वांटण्यापूर्वीं ते कागद एक रात्र माझ्या घरीं होते. संवयीचा हात स्वस्थ बसेना. मीं बारीक अक्षरांत शेरे मारले. निम्म्याहून अधिक कागदांवर माझें जुनें ओळखीचें वाक्य होतें, आणि मीं त्याला जुनीच खूण दिली. एका कागदावर मात्र, पाखोमला दंड झाले नसते तर त्याला जमिनीची हांव सुटली नसती, अशा अर्थाचें वाक्य होतें. (वाक्यें अर्थात् इंग्रजींत होतीं, मी येथें आशय देतों.) त्याच्याखालीं मीं लिहिलें, ‘दुर्बल. मुख्य मुद्दा सुटला.’ आणि दिवा मालवून झोपलों.

दुसऱ्या दिवशीं पहिला उठला तो मागच्या बांकावरचा एक उंच मुलगा. तो कोरडवाहू भागांतल्या गांवाहून येतो आणि वर्षभरांत त्याचा आवाज मीं हजेरीच्या वेळींच काय तो ऐकला होता. त्याच्या वांट्याला आलेलें वाक्य असें होतें, कीं जमीन मिळूनहि पाखोम कधींच सुखी झाला नाहीं. त्यानें समासांत एवढेंच लिहिलें होतें, “ ‘कधींच’ हा शब्द खोटा आहे.” मग पुस्तक उघडून त्यानें जागा दाखविली. पाखोमनें गांवच्या जमीनदारणीकडून पहिली जमीन घेतली आहे, पेरणी साधली आहे, कर्ज फिटलें आहे, आणि तो आपल्या रानांतून फिरतो आहे. पूर्वीं ह्याच रानांतून तो जात असे तेव्हां तें चार रानांसारखेंच एक रान होतें. आतां तेथलें गवत आणि फुलें त्याला निराळींच दिसत आहेत. हीं चार-पांच वाक्यें मीं प्रतिवर्षीं वर्गांत वाचून दाखविलीं आहेत. पाखोम बष्किरांच्या माळावर छाती फुटेतों धांवून मरतो आणि शेवटीं पुरण्यापुरती जमीन त्याला मिळते, त्या प्रसंगाकडे पोंचण्याच्या घाईंत मीं तीं नेहमीं भरभर वाचलीं.

नांवें गुप्त असावयाचीं होतीं. पण शहरांतल्या एका कापडदुकानदाराची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “हें वाक्य माझें आहे. तें सुख टिकलें नाहीं, सर.” मुलगा माझ्याकडे न पाहतां तिलाच म्हणाला, “टिकलें नाहीं हें खरें. पण नव्हतें असें कसें म्हणतां येईल? सकाळचें जेवण संध्याकाळपर्यंत टिकत नाहीं.” वर्ग हंसला. ती हंसली नाहीं. खालीं बसून तिनें आपल्या वहींत तें वाक्य पुन्हां लिहिलें आणि त्यांतला ‘कधींच’ पट्टी लावून खोडला. वादांत हरलेल्या माणसानें इतक्या नीटसपणें शब्द खोडलेला मीं क्वचितच पाहिला आहे. आम्ही प्राध्यापक तर अशा वेळीं तळटीप वाढवितों.

‘गूजबेरी’वरच्या वाक्यांत एक मोठें धिटाईचें निघालें: ह्या कथेंत पैशानें सुख मिळतें, आणि तेंच भयंकर आहे. टीकाकारानें त्यावर लिहिलें होतें, “बायकोचें काय?” ही टीका फार नेमकी आहे. कथेंतला निकोलाय हा सरकारी कचेरींतला कारकून. आपली वाडी असावी, तींत गूजबेरीचीं झुडपें असावींत, हा त्याला ध्यास. त्यापायीं तो पोटाला चिमटा घेतो, पैशासाठीं एका प्रौढ विधवेशीं लग्न करतो, तिला अर्धपोटीं ठेवतो, आणि तीन वर्षांत ती मरते. पुढें वाडी होते, झुडपें लागतात. पहिलीं फळें बशींत येतात तेव्हां त्याच्या डोळ्यांत पाणी उभें राहतें. रात्रीं उठून उठून तो तीं खातो. फळें आंबट आणि टणक असतात, पण तीं खाणारा खरोखरच सुखी असतो. त्याला पाहून रात्रभर तळमळतो तो त्याचा भाऊ.

येथें मला राहवलें नाहीं. टॉलस्टॉयच्या कथेला ह्याच भावाच्या तोंडून उत्तर दिलेलें आहे, हें मीं सांगितलें: माणसाच्या देहापुरती जमीन प्रेताला लागते, जिवंत माणसाला सारी पृथ्वी हवी, अशा आशयाचें. आणि हेंहि सांगितलें, कीं टॉलस्टॉय जन्मानें उमराव, यास्नाया पोल्यानाची जहागीर त्याला वारशानें आली; चेकॉव्हचा आजा भूदास होता आणि त्यानें पैसे भरून आपल्या कुटुंबाची मुक्तता विकत घेतली होती. लेखकाच्या चरित्रावरून कथेचा अर्थ लावूं नये, असें मी वर्षाच्या आरंभीं बजावीत असतों. मुलांनीं मला त्याची आठवण दिली नाहीं, हा त्यांचा सभ्यपणा.

मग कोणीसें तुकोबांचें नांव काढलें. सावकारीचीं खतें त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं अशी कथा आहे. त्यांना कोठें संपत्तीची गरज वाटली? मागच्या बांकावरून उत्तर आलें, “बुडवायला आधीं खतें पाहिजेत. आणि त्या दिवशीं गांवांत सर्वांत सुखी कोण झाले असतील? ज्यांचीं खतें बुडालीं ते.” ह्यावर वर्गांत थोडा वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं.

शेवटच्या दहा मिनिटांत कापडदुकानदाराच्या मुलीची पाळी आली. तिच्या हातांत माझ्या तांबड्या शेऱ्याचा कागद होता. ती म्हणाली, “सरांनीं ‘दुर्बल’ लिहिलें आहे, मला तसें वाटत नाहीं.” आणि तिनें एकेक पुरावा मांडला. जमीनदारणीचा कारभारी हा जुना शिपाई. पाखोमचा घोडा ओटच्या शेतांत शिरला, दंड. गाय बागेंत गेली, दंड. वासरें कुरणांत गेलीं, दंड. तो दंड भरतो आणि घरीं येऊन त्याचा राग बायकामुलांवर काढतो. जमीन विकावयास निघाली आहे हें त्याला कळतें तें ह्यानंतर. तेव्हां तो शिंगरूं विकतो, निम्म्या मधमाश्या विकतो, मेव्हण्याकडून कर्ज घेतो, आणि एका मुलाला मजुरीला लावून त्याची उचल घेतो. ‘उचल’ हा शब्द तिनें मराठींतच वापरला आणि वर्गांत कोणाला तो समजावून सांगावा लागला नाहीं. रशियांत १८६१ सालीं भूदास मुक्त झाले, पण वांट्याला आलेल्या जमिनीची किंमत त्यांना वर्षानुवर्षें हप्त्यांनीं फेडावी लागली, एवढी पुस्ती मीं जोडली. ती तिला नको होती. तिचें अजून संपलें नव्हतें. ती म्हणाली, “पण दंडांनीं पहिली चाळीस एकर समजते, बष्किरांचा माळ समजत नाहीं. शिवाय पुढें शेजाऱ्यांचीं गुरें ह्याच्या रानांत शिरतात, तेव्हां हाच कोर्टांत जाऊन त्यांना दंड करवितो. हें या वाक्यांत आलेलें नाहीं.” तास संपला.

मी खुर्चींतून लगेच उठलों नाहीं. मुलाला मजुरीला लावून पाखोमनें जमीन घेतली, हें वाक्य मीं किती वेळां वाचलें असेल! १९८८ सालीं माझ्या वडिलांनीं ह्याच्या उलट व्यवहार केला होता. ते प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. मला शहरांत कॉलेजांत आणि वसतिगृहांत ठेवण्यासाठीं ओढ्याकांठची दीड एकर त्यांनीं विकली. त्याविषयीं ते घरांत कधीं बोलले नाहींत. मात्र एस. टी. त्या रानावरून जाई, म्हणून गांवीं जातां-येतां ते दुसऱ्या बाजूच्या खिडकीशीं बसत. त्या बाजूला ऊन असलें तरी. त्याच वर्षीं कॉलेजच्या निबंधस्पर्धेंत माझ्या निबंधाला पहिलें बक्षीस मिळालें. विषय होता ‘समाधान’, आणि पहिलें वाक्य आतां वाचकांना सांगावयास नको. वडिलांनीं तो निबंध शेजाऱ्यांना बोलावून मोठ्यानें वाचून दाखविला. मग मला म्हणाले, “चांगला आहे. अक्षर सुधार.”

त्या रात्रीं मीं तो कागद पुन्हां काढला, ‘दुर्बल’ हा शब्द खोडला, खालचाहि शेरा खोडला. नवें काय लिहावें हें सुचेना, तेव्हां तसाच ठेवला. सकाळीं वर्गाबाहेर तो उंच मुलगा भेटला. वाक्य त्याचें होतें हें एव्हांना मला कळलेंच होतें. कागद त्याच्या हातीं देऊन मीं म्हटलें, “माझा शेरा मीं मागें घेतला आहे. तुमचें वाक्य बरोबर होतें.”

“नाहीं सर,” तो म्हणाला, “ती म्हणाली तें खरें आहे. मीं रात्रीं वाक्य बदललें.” त्यानें वही उघडून दाखविली. नवें वाक्य दोन ओळींचें होतें, इंग्रजी थोडें अडखळणारें. आशय असा, कीं दुसऱ्याच्या रानांत गुरें गेलीं म्हणून ज्याला दंड भरावा लागला, त्यानें स्वतःचें रान झाल्यावर पहिले थोडे दिवस शेजाऱ्यांना माफ केलें, आणि टॉलस्टॉयनें ते दिवस मोजून सांगितले नाहींत. मीं पुस्तक उघडून पाहिलें. खरोखरच सांगितलेले नाहींत.