येझदीचं चाक

मूलला येझदीचं सामान मागितलं की दुकानदार आधी हसतो, मग चहा पाजतो. सामान मात्र मिळत नाही. त्याचा तरी काय दोष? म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी. २०२२ मध्ये येझदी हे नाव परत आलं खरं, पण ती फोर-स्ट्रोक, वेगळीच गाडी. तिचं चाक आमच्या म्हातारीला काय कामाचं!

आमची येझदी आजोबांची. आता बाबा चालवतात, कारण नव्या गाडीचे पैसे माझ्या फीमध्ये गेले (हे घरात कुणी बोलत नाही). शेत जंगलाच्या कडेला. धान उभं असलं की रानडुकरांपायी जागल करावी लागते, आणि आमच्याकडे वाघ ही काही ताडोब्याच्या जिप्सीतून बघायची गोष्ट नाही. गेल्या पावसाळ्यात पुढचं चाक डुलायला लागलं. ब्रेक दाबला की कर्रर्र... अशी गाडी अंधार पडताना पांदणीत अडकली तर? होस्टेलच्या गच्चीवर फोन कानाला लावून मी हाच विचार करायचो.

दिवाळीत घरी जाऊन चाक खोललं. बेअरिंगवरचा नंबर गंजून गेलेला. आमचे मिस्त्रीकाका म्हणाले, "छर्रे गेले. बाबू, दुकानात गाडीचा नाव नोको सांगू, माप सांग." (कॉन्व्हेंटमध्ये शिकलो त्यामुळे छर्रे म्हणजे बॉल आणि तारा म्हणजे स्पोक हे मला काकांकडून कळलं.) व्हर्नियर लावला : आतला व्यास १५ मिमी, बाहेरचा ४२, जाडी १३. म्हणजे ६३०२! पहिला ६ म्हणजे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, ३ ही त्याची मालिका आणि ०२ म्हणजे १५ मिमीचं भोक. हा नंबर जगभर एकच. कुठल्या मोटारीत, कुठल्या पंपात बसणारं बेअरिंग आहे ते, येझदीशी त्याचं काही नातं नाही. कारखाना मेला तरी ६३०२ जिवंत! चंद्रपूरला पहिल्याच दुकानात मिळालं, तेही दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं.

रात्री मशीन डिझाइनचं सूत्र लावलं. भारक्षमतेला भाराने भागा, त्याचा घन करा, तितक्या दशलक्ष फेऱ्या. क्षमता साधारण ११ किलोन्यूटन, भार १ धरला, तर आयुष्य पंचवीस लाख किलोमीटर! बाबांनी शांतपणे विचारलं, "याच्यात चिखल किती धरला?" आमच्या सूत्रात चिखल नाही.

खरी गंमत पुढेच होती. बेअरिंग आलं, पण हबमधली त्याची जागाच झिजून मोठी झालेली. काही जण तिथे पंचने टोचे मारून बेअरिंग घट्ट बसवतात, ते चार दिवस टिकतं. काकांनी तारा काढल्या आणि राइस मिलची कामं करणाऱ्या लेथवाल्याकडे पाठवलं. त्याने जागा गोल करून पोलादी बुश बनवला, हबच्या भोकापेक्षा केसभर मोठा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून हब आधण आलेल्या पाण्यात ठेवला आणि बुश अलगद आत गेला. आईने ते पातेलं परत स्वयंपाकघरात घेतलं नाही.

दोन बेअरिंगांच्या मधे एक नळी असते. तिच्याकडे कुणी बघत नाही, पण ती आखूड झाली तर एक्सल आवळताना बेअरिंगच्या आतल्या कड्या आडव्या दाबल्या जातात आणि नवं बेअरिंगही जातं. आमची दीड मिमी झिजली होती. तीही लेथवरच झाली. चाळीस रुपये! सगळ्या चाकात हीच सर्वांत स्वस्त वस्तू, आणि ती कुठल्याच दुकानात नव्हती.

बाबा आता जागलीला गाडीनेच जातात. मागचं चाक अजून बाकी आहे. त्याचा ब्रेक ड्रम लेथवर होण्यासारखा नाही, असं काका म्हणतात. तेव्हा कुणाच्या गावी गोठ्यात येझदी गंजत पडली असेल तर मला मेसमध्ये गाठा.