झीज कुठे व्हावी

किर्लोस्करांचे एव्ही-वन हे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन उघडले, की ते घडवणाऱ्याने काय विचार केला होता ते समोर दिसते. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, मिनिटाला १५०० फेरे. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो, तो लायनर ब्लॉकमध्ये वेगळा बसवलेला असतो. हजारो तास घासून तो झिजणार हे गृहीतच धरलेले. म्हणून झीज त्याच्यावर सोपवली आणि ब्लॉक वाचवला. लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग बदलले, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासून बसवले, की तेच इंजिन पुन्हा कामाला उभे राहते. ज्याच्या घडणीतच दुरुस्ती धरलेली आहे, ते किलोच्या भावाने भंगारात घालणे हा हिशेब चुकीचा आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

ही समज इंजिनांनी आणलेली नाही. लाकडी नांगराचा फाळ झिजला की लोहाराकडे शेवटायला जायचा, इसाड मोडला तर सुतार नवा घालायचा. अख्खा नांगर कुणी टाकत नसे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, १९४६ मध्ये खडकीत ऑइल इंजिनांची कंपनी निघाली, आणि त्याच लोखंडाने गावोगाव पाणी उपसले, मळणी केली, पिठाच्या गिरण्या फिरवल्या. वीज आली तशी ही इंजिने गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे ती बिघडून गेली असे मात्र फार थोड्यांच्या बाबतीत म्हणता येईल.

पुणे जिल्ह्यातल्या नाणे मावळात, वडिवळ्याच्या आसपास, दुरुस्ती की भंगार हा प्रश्न पॉवर टिलरच्या रूपाने येतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला इंद्रायणी हा भाताचा वाण इथे लावतात तो बांधाबांधाच्या लहान खाचरांत. मोठा ट्रॅक्टर तिथे वळत नाही. चिखलणीला टिलर लागतो. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने आणलेले टिलर पिढीभर राबले. आडवे एकसिलिंडरी इंजिन, पट्ट्यांनी गिअरबॉक्सला जोडलेले, मागे फिरणारी पाती. वर्षातले काही आठवडे हे यंत्र गुडघाभर चिखलात चालते आणि उरलेले महिने पत्र्याखाली उभे राहते, तेही सह्याद्रीच्या पावसाच्या ओलीत. त्याला मारते ती बहुधा एक रबरी कडी. पात्यांच्या दांड्यावरचे ऑइल सील कडक झाले की चिखलाचे पाणी आत शिरते. ड्रेनचा बोल्ट सैल करून पाहावा: आधी पाणी येते, मागून दुधाळ तेल. ते वेळेवर पाहिले तर काम एका सीलचे आणि ताज्या तेलाचे. एक हंगाम तसाच काढला की बेअरिंग जाते, मग गिअरचे दात, आणि मग मालक म्हणतो की यंत्र म्हातारे झाले.

यावर धुराचा आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. जुने इंजिन कितीही नीट लावले तरी आजच्या इंजिनाइतके स्वच्छ जळत नाही. रोज सात-आठ तास ज्याला यंत्र चालवायचे आहे त्याने नवे घ्यावे. पण धुराचा रंगही काही सांगतो. काळा धूर असेल तर गळके नोझल, तुंबलेला एअर फिल्टर किंवा जादा लोड. निळा असेल तर झिजलेल्या रिंगांतून चढलेले ऑइल जळते आहे. धुराचा मोठा भाग वयाचा नसून हयगयीचा असतो. वर्षाला काही आठवडे चालणाऱ्या यंत्रासाठी पुन्हा नवे लोखंड वितळवणे, हाही धूरच आहे, फक्त तो दुसऱ्या गावात निघतो.

दुसरा आक्षेप हौसेचा. अमेरिकेत जुने बागेचे ट्रॅक्टर मूळ रंगात झळाळवतात, जपानमध्ये जुनी इंजिने एकत्र आणून चालवून दाखवतात. इथल्या शेतकऱ्याला ही चैन कशी परवडेल? त्या हौसेबद्दल मला आदर आहे, पण मावळात रंग शेवटी लावावा, नाही लावला तरी चालेल. मूळ रूपाचा आग्रह तर काही ठिकाणी सोडलाच पाहिजे. उघड्या पट्ट्यावर जाळीचे झाकण मूळ यंत्राला नसेल तरी बसवावे. पदर किंवा बाही ओढून नेणाऱ्या पट्ट्याची अस्सलता कुणालाही नको.

अवघड प्रश्न एकच उरतो, करणार कोण. या खोऱ्यातली मुले तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत जातात, आणि व्हर्निअर, फीलर गेज, टॉर्क या गोष्टी तिथे त्यांच्या हाताला सरावाच्या होतात. टॅपेटची फट मोजायला तेच फीलर गेज लागते. याच मुलांनी रोहिणी निघण्याआधीच्या एका रविवारी डिझेलच्या नळीतली एअर काढावी, डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल मारावे, चाकाने वेग घेतला की खटका सोडावा. पहिला ठोका चुकेल, दुसरा धरेल. मग पाच मिनिटे काहीही न करता नुसते ऐकावे. सैल टॅपेटची टिकटिक आणि बेअरिंगचा जड ठोका यांतला फरक कानाला कळेपर्यंत.