घोड्याची रोजनिशी

पाचगणीच्या टेबल लँडवर घोड्याची लीद दिसली की पर्यटक नाकाला रुमाल लावून वळसा घालतो आणि सफाईवाला ती खराट्याने लोटतो. त्या घोड्याच्या जन्मापासूनची रोजनिशी त्याच लिदीत असते. शिंगरू जन्मल्यावर काही तासांत काळपट, चिकट गुठळ्या टाकतं. दिवस उलटत आला तरी त्या पडल्या नाहीत आणि ते शेपटी उचलून कुंथत राहिलं, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याला हगवण लागते. घोडी माजावर आल्याने दूध बिघडलं, ही जुनी समजूत. आज मानतात की आतड्यात तेव्हा नव्या जिवाणूंची वस्ती होत असते. शिंगरू पीत-बागडत असेल तर ती आपोआप थांबते. मलूल होऊन आचळ सोडलं, तर मात्र डॉक्टर लगेच हवा. याच वयात ते आईची लीद चघळतं. त्याला हाकलू नये, गवत पचवणारे जिवाणू ते तिथूनही मिळवतं.

कामाला लागलेला घोडा दिवसातून आठ-दहा वेळा, मिळून वीसेक किलो लीद टाकतो. ओलसर, जमिनीवर पडताच फुटणारे गोळे ही निरोगीपणाची खूण. रंगाने फारसं घाबरू नये. ताज्या गवतावर ती हिरवट असते, कडब्यावर पिवळट. पाहायचं ते एवढंच, की कालच्यापेक्षा आज काय बदललं. एप्रिल-मेच्या हंगामात फेऱ्यांच्या धबडग्यात पाणी कमी पडलं की गोळे लहान, कडक होतात आणि त्यांवर चकचकीत शेंबूड येतो, म्हणजे आतला माल रेंगाळतो आहे. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, घोडा कोवळ्या गवतावर सुटतो आणि लीद शेणासारखी पातळ होते. त्याच्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना चारा एकदम बदललेला सोसत नाही. बदल आठवडा-दहा दिवसांत हळूहळू करावा. जांभ्यावरचं खुरटं गवत मुळाशी चरताना मातीही पोटात जाते. लीद बादलीभर पाण्यात ढवळून ठेवली तर तळाला कचकच बसते, इतकी ही तपासणी सोपी आहे.

पिढीजात घोडेवाला म्हणेल, ‘पोट बिघडलंय, होईल बरं.’ बहुतेकदा ते खरंही ठरतं. पण घोडं पेंड खातं ते इथेच: घोड्याला ओकता येत नाही. म्हणून पातळ लिदीपेक्षा बंद पडलेली लीद जास्त भयंकर. तिच्याबरोबर घोडा पाय आपटू लागला, मागे वळून कुशीकडे पाहू लागला, लोळू लागला, तर तो पोटशूळ. सकाळची वाट पाहू नये आणि बांबूच्या नळकांड्यातून तेल तर मुळीच पाजू नये, ते फुप्फुसात उतरतं. दुर्गंधी, पाण्यासारखी हगवण, लिदीत रक्त, किंवा ३८.५ अंशांवर गेलेला ताप, यांतलं काहीही दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. हंगामात एक दिवस बुडाल्याची चुटपुट खरी, पण घोडाच गेला तर पुढचे सगळेच हंगाम बुडतात. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा क्रमांक लावायला तर पैसेही पडत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नुसत्या दिसण्यावरून कळतं तरी किती? जंतांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली ताजी लीद तपासावी लागते. देखण्या लिदीतही ती असू शकतात. मान्य. लीद रोगाचं नाव सांगत नाही, डॉक्टरकडे कधी जायचं तेवढं सांगते. रांगेतल्या घोड्यांची लीद एकमेकांत मिसळते हेही खरं. म्हणून पहाटे ठाणावरचीच पाहावी, झाडू फिरण्याआधी. म्हाताऱ्या घोड्याच्या बाबतीत तर तीच आधी बोलते. दाढांना धारदार कंगोरे आले की चावणं नीट होत नाही आणि लिदीत लांब काड्या, अख्खे हरभरे दिसू लागतात. बरगड्या दिसतात म्हणून मालक चंदी वाढवतो. खरी गरज असते ती डॉक्टरांनी कानशीने दाढा घासून देण्याची. तोवर त्या वाढीव हरभऱ्यावर टेबल लँडवरचे कावळे पोसले जातात.