गळती

आबांची बुलेट 1978ची. साडेतीनशेची, ओतीव लोखंडी सिलिंडरची. आपल्या देशात ही गाडी आली तीच मुळात लष्करासाठी. पुढं 1955 साली मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. आबाही लष्करातलेच. हवालदार म्हणून सुटले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी ती घेतली. उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. पाव्हणेरावळे हौसेनं चालवायला घ्यायचे, ब्रेक म्हणून उजवा पाय दाबायचे आणि गिअरच बदलायचा. म्हणून आबा ती सहसा कुणाच्या हातात देत नसत.

आमचं गाव माण तालुक्यातलं. तेव्हा दिवसातून दोन एसट्या. रात्री-अपरात्री कुणाला पान लागलं, कुणी बाई अडली, की लोक आमचंच दार वाजवायचे. आबा धोतराचा काचा मारायचे, किक मारण्याआधी डीकंप्रेसरचं लिव्हर दाबून अँपिअरचा काटा मधे आणायचे आणि दहिवडीच्या वाटेला लागायचे. दोन-तीन माणसं त्या गाडीमुळं वाचली, असं गावात अजून म्हणतात.

गाडी म्हातारी होत गेली तशी गळायला लागली. जिथं उभी करावी तिथं सकाळी काळं वर्तुळ. आई अंगण सारवायची आणि तुळशीपुढचा तो डाग बघून म्हणायची, "तुमच्या लष्करानं माज्या दारात गटार केलं." मग आबांनी इंजिनाखाली एक फुटकं घमेलं ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी घमेलं सरकवणं हा त्यांचा नेम झाला.

उपाय काही कमी झाले नाहीत. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून पॅकिंग झाली. दोन पुड्यांची कणीक मळून लावतात ती लांबी थापून झाली. अंगाचा साबण चोळून झाला. पान्याला पाइप लावून नट आवळून झाले. एका जागेवरचं गळणं थांबलं की आठवड्याभरात दुसरीकडनं पाझर फुटायचा. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं तर हातच टेकले. म्हणाला, "जुनं इंजान हाय आबा, ते गळणारच."

2003चा दुष्काळ आला. जनावरं छावणीत गेली. त्याच वर्षी धाकट्या बहिणीचा डी.एड.ला नंबर लागला. फी भरायची कशातून? थोरल्या दादानं विषय काढला, "आबा, गाडी देऊन टाकू." भंगारवाला येऊन बघून गेला. घमेल्याकडं बोट दाखवून म्हणाला, "चार हजार. लोखंडाच्या भावानं." चार हजारांत फी भागणार नव्हती, पण आबांचं अडलं ते वेगळ्याच गोष्टीवर.

"इकायला माजी ना न्हाय," आबा म्हणाले. "पर गळती वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात घालायची न्हाय. आदी गळती काडू."

दादा चिडला. विकायच्या गाडीवर कोण खर्च करतं? आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हसवडहून एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आले. एसटीच्या डेपोत उभं आयुष्य गेलेला माणूस.

मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. आधी रॉकेलनं इंजिन धुतलं, कोरडं केलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आईची पावडर आन." सगळ्या इंजिनावर पांढरी पावडर भुरभुरली आणि मला मागं बसवून वेशीपर्यंत चक्कर मारून आणली. उतरून बघतो तर पावडर चार ठिकाणी ओली: वर रॉकरच्या झाकणापाशी, बाजूला टॅपेटच्या, उजवीकडं टायमिंगच्या आणि डावीकडं क्लचच्या चेनकेसला.

"येक जागा असती तर पॅकिंगचा दोष म्हनलं असतं," मिस्त्री म्हणाले. "चारी बाजूंनी फुटतंय म्हंजी आतनं जोर हाय. हिचा श्वास कोंडलाय."

मग त्यांनी समजावलं. पिस्टन खाली आला की खालच्या पोकळीतली हवा दाबली जाते. एकच सिलिंडर, म्हणजे दर खेपेला जवळजवळ साडेतीनशे सीसी हवा. ती बाहेर जायला एक नळी असते. तिच्या टोकाला चपटं रबर, बदकाच्या चोचीसारखं. हवा बाहेर जाताना चोच उघडते, पिस्टन वर गेला की मिटते. आत पुन्हा हवा घेत नाही. त्यामुळं पोकळीत हवेचा दाब कमीच राहतो आणि ऑइल आतल्या आत राहतं. मिस्त्रींनी ते रबर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. सुपारीसारखं कडक, चोच चिकटून बसलेली. दाबलेली हवा मग सापडेल त्या फटीतनं ऑइलला बाहेर ढकलत होती. आम्ही एक फट बुजवली की ती दुसरी धुंडायची.

"आनि ऑइलची काडी कवा बगता?" त्यांनी आबांना विचारलं.

"रोज सकाळी. गाडी काडायच्या आदी."

मिस्त्री हसले. या इंजिनात ऑइलची टाकी पोटातच, मागच्या बाजूला. रात्रभर गाडी उभी राहिली की झिजलेल्या पंपातून ऑइल हळूहळू खालच्या पोकळीत उतरतं. सकाळी काडी कमी दाखवते, माणूस वरून भर घालतो आणि पोटात ऑइल जास्त होतं. काडी बघायची ती गाडी चालवून आणल्यावर.

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी येवडी वर्सं मीच तिला जादा पाजत हुतो."

राहिलेलं काम दिवसभराचं होतं. चेनकेसचं झाकण मधल्या एकाच नटावर बसतं. पाइप लावून आवळल्यानं ते वाकलं होतं. मिस्त्रींनी खिडकीची काच मागवली, तिच्यावर पॉलिश पेपर पसरला आणि झाकणाची कड घासून सपाट केली. नवी रबरी रिंग घातली. बाकीच्या पॅकिंगा हातोडीनं ठोकून जागेवरच पाडल्या. दहिवडीत रबराची चोच मिळाली, ती बसवली. जादा ऑइल काढलं. नट साध्या पान्यानं, बेतानं आवळले.

त्या रात्री आबांनी घमेल्याच्या जागी वर्तमानपत्र पसरलं. सकाळी त्यावर एक थेंब नव्हता. आठ दिवस पेपर बदलत राहिले. सगळे कोरडे निघाले. दादाही रोज सकाळी उठून आधी पेपरच बघायचा.

गोंदवल्याकडचा एक तरुण मास्तर गाडी बघायला आला. सोळा हजाराला व्यवहार झाला आणि बहिणीची फी वेळेत भरली गेली. मास्तर निघाले तेव्हा आबांनी त्यांना काडी कधी बघायची ते दोनदा सांगितलं, त्यांच्याकडून तिसऱ्यांदा वदवून घेतलं. मग कोपरीच्या खिशातून कागदाची पुडी काढून त्यांच्या हातात दिली. आत रबराच्या दोन नव्या चोची होत्या.

"दर दोन वर्सांनी बदला," आबा म्हणाले. "आनि नट लई आवळू नका."